दोनदा पडलेली साखर

दादा आणि वहिनी एकमेकांशी बोलत नव्हते आणि त्याचा सगळ्यात जास्त ताप मला होत होता. ते दोघं मिळून बिअर बनवतात, मी ती माझ्या बारमध्ये विकते. म्हणजे धंदा तिघांचा, भांडण दोघांचं आणि डोकेदुखी माझी एकटीची. "छोटे, तुझ्या दादाला सांग, बाटल्यांची झाकणं संपत आलीत." "छोटे, तुझ्या वहिनीला सांग, मला डोळे आहेत." दोघं एकाच खोलीत, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर उभे, आणि मध्ये फोनवर मी.

कारण काय, तर एक पोस्टर. माझ्या बारमध्ये त्यांच्या बिअरचं टेस्टिंग ठरलं होतं. पोस्टरवर दादाचा हसरा फोटो आणि खाली 'यांच्या हातची बिअर'. वहिनीचा फोटो नाही, नाव नाही, काही नाही. मजकूर दादानेच पाठवला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या दादाच्या मनात बऱ्याचदा काहीच नसतं, तिथेच तर घोडं पेंड खातं. वहिनीने पोस्टर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं आणि त्या दिवसापासून तोंड मिटलं. दादा आधी दोनदा बोलायला गेला, मग तोही फुगून बसला.

तरी टेस्टिंगच्या संध्याकाळी दोघंही वेळेवर हजर झाले. बाहेर कडाक्याची थंडी होती. मी हीटर पूर्ण सोडला होता. खुंट्यांवर कोटांवर कोट चढले होते आणि लांब टेबलाभोवती माणसं खुर्च्या ओढून बसली होती. प्रत्येकासमोर छोटे ग्लास, मध्ये पाण्याचे जग. टेबलाच्या टोकाशी आमचे मास्तर, निवृत्त शिक्षक. कुठलीही बिअर दिली तरी ग्लास नाकाशी नेऊन "हिच्यात दम आहे" एवढंच म्हणणार. पहिल्या चारही बिअरमध्ये त्यांना दम सापडला होता.

शेवटची होती दादाची लाडकी काळी बिअर. ती म्हणे गार प्यायचीच नाही, गार बिअरला वास नसतो. म्हणून त्याने दोन दिवस आधीच सगळ्या बाटल्या शीतखोलीतून काढून काउंटरमागच्या फळीवर मांडायला लावल्या होत्या. फळीच्या खालीच हीटर. आणि आता त्यातली एक दोन्ही तळव्यांत धरून, पोटाशी कवटाळून, तो भाषण ठोकत होता. ही त्याची जुनी खोड. पहिली बाटली हाताने उबवल्याशिवाय तो उघडत नाही.

"या बिअरचा फेस बघाल तुम्ही," तो म्हणाला. "बाटल्या भरायच्या दिवशी पहाटे उठून मी स्वतः साखरेचा पाक केला आणि स्वतः टाकीत ओतला."

माझ्या शेजारी वहिनी ग्लास पुसत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणाला तो?"

"पहाटे उठून साखर घातली म्हणे. ऐकतेयस काय त्याचं, स्वतःची आरती ओवाळतोय."

"छोटे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तिच्याकडे वळून बघावं लागलं. "साखर मी घातलीये. दुपारी, भरायच्या आधी. नेहमीसारखी."

मला कळायला थोडा वेळ लागला. बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर घालतात. बिअरमधलं यीस्ट ती खातं, त्याचा वायू होतो, झाकण बंद असल्यामुळे तो आतच राहतो आणि त्याचा फेस होतो. साखर मोजकी लागते. दुप्पट पडली तर वायू दुप्पट. थंडीत यीस्ट निजून असतं. उबेत ते उठतं आणि खात सुटतं, आणि काचेला काही पोट सुटत नाही, ती फुटते.

पाक करणं हे वहिनीचं काम. पण ज्याच्या हातून साखर टाकीत पडेल त्याने "साखर पडली" असं ओरडायचं आणि दुसऱ्याने "पडली" म्हणून ओ द्यायची, ही त्या दोघांची पहिल्या दिवसापासूनची रीत. कामाच्या खोलीत यंत्रांचा आवाज फार, म्हणून. शेजारपाजारचे त्यावरून त्यांची टिंगल करायचे. यावेळी कोणी ओरडलंच नव्हतं. तोंड उघडायचं नाही असा पण केलेली माणसं ओरडणार कशी?

मी मागे वळून फळीकडे पाहिलं. झाकणं सपाट असतात. ही मध्ये फुगली होती. सगळीच्या सगळी, माझ्या डोक्याच्या उंचीवर. मी ओरडणार तेवढ्यात वहिनीने माझं मनगट आवळलं.

"ओरडू नकोस. तो दचकला आणि बाटली सुटली तर? पोटाशी धरलीये त्याने. आधी माणसं बाहेर काढ."

कशी काढू? आग म्हणाले तर टेबलं उलथतील, फळी हलेल. मग माझ्याच तोंडून निघालं, "चला मंडळी, सगळ्यांचा एक फोटो काढू! बाहेर, पाटीखाली! उठा, उठा!" माझं हसू मलाच परकं वाटत होतं.

"आत्ता?" दादा भडकला. "अगं मी बोलतोय ना!"

"आधी घोट, मग फोटो," मास्तर म्हणाले आणि खुर्चीत आणखी रुतून बसले.

"मास्तर, तुमच्याशिवाय फोटोत दम येणार नाही," असं म्हणत मी त्यांना काखेत हात घालून अक्षरशः उचललं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने चालू लागले, वर बाकीच्यांनाही हाकलू लागले. माणसं कुरकुरत, कोट चढवत दाराकडे निघाली. कोणाचा तरी धक्का टेबलाला लागला, ग्लास किणकिणले, तेव्हा माझा जीव नुसता खाली-वर झाला.

शेवटचा माणूस बाहेर पडला तसा दादाही निघाला. बाटली तशीच पोटाशी.

"थांब," वहिनी म्हणाली.

दादा थांबला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली होती. त्याचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला. "छोटे! ऐकलंस? बोलली!" असं म्हणून त्या शहाण्याने बाटली हवेत नाचवली.

मी डोळे मिटले. काही झालं नाही. उघडले तर वहिनी हात पुढे करून जागच्या जागी उभी होती, पांढरीफटक.

"हलू नकोस. हलवू नकोस ती. साखर मी पण घातली होती."

दादाचं हसू हळूहळू गेलं. त्याने हातातल्या बाटलीच्या झाकणाकडे पाहिलं.

"ठेवू खाली?"

"नको, टेबलावर टेकली तरी धक्का बसेल. तशीच धर, अंगापासून लांब."

"बोटं उघडत नाहीयेत," तो म्हणाला. एवढा मोठा माझा दादा, आवाज मात्र लहान पोरासारखा. "खरंच सांगतो, उघडतच नाहीयेत. तुम्ही दोघी जा ना."

जायला हवं होतं. माझे पाय दाराकडेच वळत होते, खोटं कशाला बोलू. वहिनी मात्र खुंटीकडे गेली, तिचा जाड लोकरी कोट काढला आणि त्याच्याकडे चालत गेली. तिने कोट बाटलीवर आणि त्याच्या हातांवर गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा, वरून स्वतःचे दोन्ही हात धरले. "आता सिंकपर्यंत जायचं. एकेक पाऊल. माझ्याकडे बघ, बाटलीकडे नको."

स्टीलचं खोल सिंक मागच्या खोलीत आणि तिथे जायची वाट काउंटरमागून, फळीला खेटून. वाट एका माणसाची. वहिनीने बाजू बदलली. फळीकडची बाजू तिने घेतली.

मी दार धरून उभी होते. ती दोघं आडवी सरकत होती, नवं लग्न झालेली जोडपी नाच शिकताना करतात तशी. ती काहीतरी पुटपुटत होती, तो मान डोलवत होता. सिंकच्या खोलीत दोघं शिरली. कोटासकट बाटली आत सोडल्याचा मऊ आवाज आला आणि मी श्वास सोडला.

मग दोघं परत निघाली. दादा पुढे, ती मागे, पुन्हा त्याच वाटेने. आणि फळीवरची पहिली बाटली फुटली.

एवढ्याशा बाटलीचा इतका मोठा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. शेजारची फुटली, तिच्या शेजारची फुटली आणि मग सगळी रांगच फुटत गेली, तडातडा, काच आणि काळा फेस उडवत. वहिनीने दोन्ही हातांनी दादाला पुढे ढकललं. तो माझ्या अंगावर येऊन आदळला. मी त्याला सोडलं आणि आत धावले. ती काउंटरखाली डोकं गुडघ्यांत घालून बसली होती. आम्ही दोघांनी तिला ओढत रस्त्यावर आणलं.

माणसं भोवती जमली. मास्तरांनी स्वतःचा कोट तिच्या खांद्यांवर टाकला. मी वेड्यासारखी तिला चाचपत होते. डोळे शाबूत, चेहऱ्यावर दोन ओरखडे, केसांत काचेचा चुरा. हातीपायी धड होती. मला तिथेच रडू फुटलं.

दादा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता आणि बोलत सुटला होता. "मला वाटलं तू रागात पाक करणारच नाहीस. तुला विचारलं असतं तर तुला वाटलं असतं चूक काढतोय. म्हणून मीच केला गुपचूप. पोस्टरचं चुकलं माझं. त्याच दिवशी कळलं होतं मला, नुसतं तोंडातून निघत नव्हतं. ऐकतेयस ना?"

वहिनी त्याच्या ओठांकडे बघत होती.

"मोठ्याने बोल," ती म्हणाली, नको तितक्या मोठ्याने.

तो मोठ्याने बोलला. मग आणखी मोठ्याने. मग त्या भर रस्त्यात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, "माझं चुकलं" म्हणून तो ओरडला. समोरच्या घरात कोणीतरी खिडकी उघडली. मास्तरांनी मान खाली घातली.

वहिनीने दोन्ही तळवे कानांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जी भीती होती ती आत फळीजवळून चालतानाही नव्हती.

"हा बोलतोय ना?" तिने विचारलं.