सहाशे मिलीलिटर

रुग्णालयाच्या किडनी विभागात माझं काम आकड्यांचं. वय, रक्तदाब, बायॉप्सीचा निकाल, रक्ताचा रिपोर्ट आणि उपचारानंतरही दिवसभरात लघवीतून किती प्रथिन जातंय, एवढं कॉम्प्युटरला दिलं की पाच वर्षांनी त्या माणसाची किडनी किती काम करत असेल याचा अंदाज तो देतो. डॉक्टरबाई त्याचा आधार घेऊन पुढचं औषध ठरवतात. विभागात मला ज्योतिषीणबाई म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग माझ्या धाकट्या भावालाच आयजीए नेफ्रोपॅथी निघाली. रक्तातलं एक प्रथिन किडनीच्या गाळणीत अडकून बसतं आणि गाळणी खराब होते, असं मी त्याला समजावलं. तो शिंपी. "म्हणजे वीण उसवली," म्हणाला. वॉर्डात होता तेव्हा दिवसाला तीन ग्रॅम प्रथिन जात होतं. सहा महिने स्टेरॉइड घेऊन तोंड सुजलं, झोप उडाली. त्यानंतर घरून चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये भरून आणली. प्रथिन निघालं पाऊण ग्रॅम!

मी आकडे भरले. पाच वर्षांनी अठ्ठ्याहत्तर टक्के. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. बाईंनी स्टेरॉइड बंद केलं, दुसरं कडक औषध सुरू करणार होत्या तेही टाळलं. तीन महिन्यांनी या म्हणाल्या.

तीन महिने होत आले तशी रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले, नवा कॅन घेऊनच. तो बघून भावजय म्हणाली, "आला का हा परत! ताई, दिवसभर बाथरूममध्ये पायात येतो हो."

"दिवसभर? हा दुकानात घेऊन जात नाही?"

भाऊ हसायला लागला. "दुकानात? समोर गिऱ्हाईक कोट घालून बघतंय आणि मी कॅन घेऊन आत जाऊ? सकाळी निघेपर्यंतचं आणि रात्री आल्यावरचं भरलं की. तेवढं पुरतं ना तपासायला?"

माझा घास तोंडातच राहिला. दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा माणूस, आणि नऊ ते नऊ सगळं दुकानाच्या संडासात!

"अरे माठ्या," मी ओरडले, "चोवीस तास म्हणजे चोवीस तास! कागदावर लिहिलं होतं ना?"

"मला वाटलं, तुम्ही उरलेल्याचा हिशेब लावता."

त्याच्यावर ओरडत होते, पण ओरडायला हवं होतं ते माझ्यावरच. कारण अर्धवट कॅन ओळखायची सोय रिपोर्टातच असते. लघवीतलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. त्याच्या अंगापिंडाच्या माणसाचं ते दिवसाला साधारण ठरलेलं असतं. फारच कमी आलं तर कॅन अर्धवट. त्या एका ओळीवरून मी आठवड्याला तीन-चार कॅन परत पाठवते, वर माणसांना झापते.

सोमवारी त्याचा जुना रिपोर्ट काढला. एकूण लघवी सहाशे मिलीलिटर. क्रिएटिनिन हवं त्याचा तिसरा हिस्सा. प्रथिनाच्या अगदी खालची ओळ. पाऊण ग्रॅम वाचलं आणि मी पुढे वाचलंच नव्हतं. परक्याचा असता तर परत पाठवला असता.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी रागावावं असं फार वाटत होतं. "परत गोळा करायला सांगा, रक्तही घ्या," एवढंच बोलल्या आणि माझ्याकडे न बघता पुढचा कागद ओढला.

बुधवारी त्याने कॅन आणून दिला, रक्त दिलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दुपारी रिपोर्ट हातात आले. या वेळी आधी क्रिएटिनिनची ओळ वाचली. बरोबर होती, कॅन पुरता भरलेला होता. प्रथिन तीन ग्रॅमच्या वर. रक्ताचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीपेक्षा वाईट. आकडे भरले. पाच वर्षांनी एकोणतीस टक्के. पुन्हा भरले, एकेक आकडा बोट ठेवून. एकोणतीस.

कागद घेऊन बाहेर आले. मला बघताच तो उठून उभा राहिला, तोंडभर हसत.

"काल सगळ्या गिऱ्हाइकांसमोरून कॅन घेऊन जात होतो, ताई. एक थेंब वाया घालवला नाही. आता तर आणखी चांगला येणार ना आकडा?"