मागे पाहणारा बगळा

“हे कोणी केलं?” असंच पाहुणीनं विचारलं असावं, कारण तिनं टेबलावर ठेवलेल्या कापडी बिल्ल्यावर बोट टेकवलं आणि भरतकामाच्या कारखान्यातल्या अकरा बायकांकडे एकेक करून बघितलं. दहा जणींनी वहिनीकडे बघितलं. वहिनी सुईत दोरा ओवायला लागली. सुईत दोरा आधीच होता.

कारखाना चालवणारे मास्तर लगबगीनं मध्ये येऊन उभे राहिले. त्यांना पाहुणीची भाषा येत होती, निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं.

“वहिनी, ही त्या फुटबॉल क्लबातली बाई. खेळाडूंचे कपडे हिच्या ताब्यात असतात. तीनशे बिल्ले पाहिजेत म्हणते, हातानं भरलेले, हुबेहूब ह्या जुन्यासारखे. त्यासाठी एवढी लांबून आलीय. तुम्ही फक्त हसायचं आणि मान हलवायची. बाकीचं मी बघतो.”

“आणि मास्तर, ते…?”

“ते काही काढायचं नाही. बारा वर्षं झाली. जुनी मढी उकरू नका.”

ते म्हणजे काय, हे कारखान्यात ह्या दोघांनाच ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी ह्याच क्लबाची चाळीस बिल्ल्यांची मागणी आली होती. क्लबाला शंभर वर्षं होत होती, म्हणून त्या एका वर्षापुरते बिल्ले हातानं भरून हवे होते. निळ्या कापडावर उजवीकडे निघालेली एक नाव, आणि नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एका पायावर उभा पांढरा बगळा. नावेचा खाका वेगळा, बगळ्याचा वेगळा. खाका म्हणजे कागदावर चित्र काढून रेषेरेषेवर सुईनं पाडलेली भोकं. तो कापडावर ठेवायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, की खाली ठिपक्यांचं चित्र उठतं. खाक्याची सुलट बाजू बोटाला गुळगुळीत लागते आणि उलट बाजू खरखरीत. डोळे मिटूनसुद्धा चुकू नये असं हे काम. पण त्या दिवशी वहिनीला सुई लागलेली होती आणि बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

नाव बरोबर उजवीकडे निघाली. चाळीसच्या चाळीस बगळे मात्र नाळेवर उभे राहून मागे बघत बसले. पार्सल गेल्यावर मूळ चित्र फाईलला लावताना मास्तरांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “वहिनी, बगळा फिरवलात की हो!” एवढंच ते म्हणाले. नंतर दोघंही तक्रारीच्या पत्राची वाट बघत बसले.

पत्र आलं नाही. आलं असतं तर परवडलं असतं, कारण न आलेलं पत्र वहिनीला खायला उठलं. त्यांच्या लक्षात आलं की नाही, हे बघायला म्हणून तिनं दर शनिवारी संध्याकाळी फोनवर त्या क्लबाचे सामने लावायला सुरुवात केली. जन्मात कधी फुटबॉल बघितला नव्हता. ती चेंडूकडे बघतच नसे, नजर नुसती छातीवरच्या बिल्ल्यांवर.

“अगं, एवढं काय बघतेस? कोणी गेलं का?” सासूबाईंनी एका शनिवारी विचारलं. सासूबाईंचे गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र ठणठणीत होती. वहिनीनं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी चष्मा चढवला. मग म्हणाल्या, “बघू, मला पण दाखव कुठं उभा केलायस तुझा बगळा.”

वीस वर्षं एका घरात राहून ज्या दोघींचं आमटीतल्या मिठावरूनही एकमत झालं नव्हतं, त्या ह्या परक्या मुलखातल्या संघावरून एक झाल्या. संघ तरी कसला! हरावं कसं हे त्यांच्याकडून शिकावं. गोलकीपर गोल सोडून पार पुढे जाई तेव्हा सासूबाई कपाळाला हात लावत. “हा बघ, दार उघडं टाकून निघाला गावभर फिरायला!” त्या वर्षी क्लब खालच्या गटात ढकलला जाणार हे नक्की होतं. शेवटच्या सामन्यातली शेवटची दोन मिनिटं उरली होती. एक धिप्पाड बचावपटू कुठून तरी धावत आला, डोक्यानं चेंडू आत घातला आणि क्लब वाचला. त्या गड्यानं छातीवरचा बिल्ला मुठीत धरला आणि त्यावर ओठ टेकवले.

वहिनीनं फोन जवळ ओढला. तो तिचा बगळा होता. त्याच्या मानेचा बाक भरताना तिनं तीनदा टाके उसवले होते.

“अगं बाई,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “त्यानं तुझ्या टाक्यांचा मुका घेतला गं.”

पुढच्या वर्षी सगळ्या जर्सींवर मागे बघणारा बगळा छापून आला. मग तो मफलरांवर आला, मैदानाच्या दारावर आला, माणसांनी दंडावर गोंदवून घेतला. आणि एका शनिवारी, सामना सुरू व्हायच्या आधी, एका अख्ख्या बाजूच्या हजारो माणसांनी डोक्यांवरून एक कापड पुढे सरकवत नेलं. चार मजली इमारतीएवढं कापड. त्याच्यावर तिचा बगळा होता आणि खालच्या माणसांच्या हातांनी त्याचे पंख हलत होते. दोघी सासूसुना त्या वीतभर फोनसमोर हात जोडल्यासारख्या बसून राहिल्या. वहिनीच्या अंगावर काटा आला. एका बोटाच्या चिंधीतून एवढं मोठं काही बाहेर पडू शकतं, हे तिच्या डोक्यात मावेना.

पण त्यांनी तो तसाच का ठेवला, हे काही कळलं नाही. खाली लोक लिहीत ते फोन मराठीत करून दाखवी, पण त्यातून “लांब तंगड्यांचे साहेब मागे वळतात, आम्ही रडतो” असलं काहीतरी निघे. वहिनीला वाटे, बाकीची माणसं ह्या क्लबाला सरळ जीव लावून बसली आहेत, आपण तेवढ्या मागच्या दारानं आत शिरलो आहोत. सासूबाई म्हणत, “सांगून टाक एकदा. तुझ्याच्यानं होत नसेल तर पत्ता आण, मी सांगते.” ह्या वर्षी हंगाम निम्म्यावर आला असताना सासूबाई गेल्या. शुक्रवारी गेल्या. त्या शनिवारचा सामना वहिनीनं बघितला नाही. त्यानंतरचे सगळे बघितले, आवाज बंद ठेवून.

“वहिनी, ती विचारतेय,” मास्तर आता घाम पुसत होते, “की बगळ्याला मागे बघायला लावायचं हे तुम्हाला सुचलं कसं? मी सांगितलंय, आमचे कारागीर म्हणजे कल्पनेचे नुसते सागर.”

पाहुणी वहिनीकडे बघून हसली. साठीच्या आसपासची बाई, आखूड केस, धुऊन धुऊन लाल झालेले खरबरीत हात. त्या हातांकडे बघितल्यावर वहिनीला राहवेना. दुसऱ्या कोणासमोर ती मान हलवून मोकळी झाली असती. पण ही आपल्या क्लबाची माणूस. आपले बगळे बारा वर्षं हिनं चिखलातून काढून धुतले, हिच्याशी खोटं बोलायचं?

ती उठली. कपाटातून दोन्ही खाके काढले. मास्तर डोळ्यांनी “नको, नको” करत होते. वहिनीनं नावेचा खाका टेबलावर ठेवला, त्यावर बगळ्याचा खाका सुलट ठेवला. बगळा पुढे बघत होता. मग तिनं बोटाला रुमालाचं टोक गुंडाळून दाखवलं, बगळ्याचा खाका उचलला, पालथा केला आणि परत ठेवला. बगळा मागे बघायला लागला. तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“चुकले मी,” ती मराठीतच म्हणाली. “सुचलं वगैरे काही नाही.”

अकरा सुया थांबल्या होत्या. “संपलं,” मास्तर पुटपुटले.

पाहुणीनं खाका हातात घेतला. एका बाजूवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या बाजूवरून. तिला कळलं. ती स्टुलावर बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसते आहे की रडते आहे हे कोणालाच समजेना. ते दोन्ही होतं. मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच पदरचं काही न घालता सांगितलं.

“ती म्हणते, त्यांचं बंदर बंद पडलं तेव्हा निम्मं गाव पोटापाण्यासाठी बाहेर गेलं. घरटी एक माणूस लांब आहे. तिचा भाऊ पण. हे बिल्ले आले तेव्हा आधी सगळे चिडले. मग म्हातारी माणसं म्हणायला लागली, बरोबरच आहे, नाव निघाली तरी बगळा मागे राहिलेल्यांकडे बघतोय. आणि जे गेले ते म्हणतात, तो आमच्यासाठी घराकडे बघतोय. कोणीतरी खूप विचार करून केलंय, असं सगळं गाव समजतं.” मास्तरांनी पाहुणीचं पुढचं वाक्य ऐकून घेतलं. “तीनशे बिल्ले असेच पाहिजेत. पालथा खाका ठेवूनच.”

वहिनीनं बोटाचा रुमाल सोडला. समोरच्या भिंतीकडे बघत ती नुसती मान हलवत राहिली. घरी जाऊन हे सांगितलं असतं कुणाला, तर सासूबाईंना.

“मास्तर, तिला सांगा, मी बघते सामने. बारा वर्षं. सासूबाई आणि मी.”

मास्तरांनी सांगितलं. पाहुणी ताडकन उठली आणि तिनं एकच प्रश्न विचारला. मास्तर गोंधळले.

“काय विचारतेय कोण जाणे. तुम्ही कुठं बसता, म्हणते.”

वहिनीला बरोबर कळलं. मैदानावरची माणसं एकमेकांना हेच विचारत असणार.

“खाटेवर,” ती म्हणाली. “मी दाराकडे. आई भिंतीकडे.” मग थोडं थांबून म्हणाली, “आई गेल्या. मध्यंतरी.”

मास्तरांनी तेही पाहुणीला सांगितलं. तिनं गळ्यातला निळा मफलर काढला, नीट दुहेरी घडी घातली आणि वहिनीच्या दोन्ही हातांवर ठेवला. हळू आवाजात काही सांगितलं.

“त्यांच्यात कोणी गेलं,” मास्तर म्हणाले, “की त्याच्या खुर्चीवर मफलर टाकतात. हंगाम संपेपर्यंत तिथं दुसरं कोणी बसत नाही. हा भिंतीकडे टाका, म्हणते. अजून सात सामने आहेत.”

“आठ,” वहिनी म्हणाली. “धुक्यामुळं राहिलेला एक धरून.”