एकशे तीन नंबरचं दार

मित्रांनो, विट्याजवळच्या एका गावात लालासाहेबांचं घर आहे. त्या घराच्या सोप्यात, इन्व्हर्टरच्या वरच्या फळीवर जी काळवंडलेली पेटी घुरघुरते, ती मी. मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही की कळफलक नाही. जाणकार मला होम सर्व्हर म्हणतात. घरातले नुसतं पेटी म्हणतात.

माझी उमेदीची वर्षं दूर दक्षिणेत, सेलमला गेली. लालासाहेबांचा मुलगा जयराज तिथं गलाईचं दुकान चालवतो. गलाई म्हणजे जुने दागिने आटवून त्यातलं शुद्ध सोनं काढायचं. भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ खाऊन माझा पत्रा काळा पडला. दुकानात नवा संगणक आला तेव्हा जयराजने मला भंगारात घातलं नाही. गावी आणलं, आतून साफ केलं आणि दोन कामं दिली.

पहिलं काम बोगद्याचं. जयराजने ते आईला, म्हणजे शालूबाईंना, असं समजावलं होतं : "आई, खंबाटकीचा बोगदा बघितलायस न्हवं? आत शिरल्याली गाडी डोंगरावरच्याला दिसत न्हाई. तसा ह्यो सेलमपास्नं आपल्या घरापतोर. मधल्या कुनाला आपलं बोलनं कळायचं न्हाई." याला व्हीपीएन म्हणतात. दुसरं काम फोनचं. त्या बोगद्यातून, इंटरनेटवरून, मी घरचे आणि दुकानाचे फोन जोडायचो. लालासाहेबांचा नंबर एकशे एक, दुकानाचा एकशे दोन, शालूबाईंचा एकशे तीन.

याला कारण होतं. गलाईवाल्यांत सोनं नुसत्या शब्दावर एका हातातून दुसऱ्या हातात जातं. सेलमच्याच एका दुकानात कुणीतरी मोबाईलवर मालकाचा आवाज काढून सोनं पळवलं होतं. तेव्हापासून जयराजने नियम केला. सोन्याबद्दलचा निरोप माझ्यावरून आला तरच खरा मानायचा. त्याच्या दुकानातला कारागीर ज्ञानू आमच्याच गावचा. तो हा नियम अगदी कडक पाळायचा. "मोबाईलवर खुद्द मालक बोलला तरी मी न्हाई देनार," तो म्हणायचा. "घरच्या फोनावर आलं तरच."

त्या काळात माझं कौतुक होतं. शालूबाई रोज माझ्या जाळीवरची धूळ पुसायच्या. "ह्या पेटीला उनात पंखा लागतोय," त्या लालासाहेबांना टोमणा मारायच्या, "आन मला म्हनं कशाला!" खंडेनवमीला विळ्या-खुरप्यांच्या शेजारी मलाही हळदकुंकू लागायचं. माझ्यात कोण आलं, कोणी बाहेरून आत यायला बघितलं, हे सगळं मी लिहून ठेवतो. दर रविवारी शालूबाई मोबाईलवर ती यादी उघडून जयराजला वाचून दाखवायच्या. त्यात अनोळखी काही दिसलं की म्हणायच्या, "ह्यो कोन रं बाबा? बघ जरा."

मग त्या आजारी पडल्या. सांगलीच्या दवाखान्यात दीड महिना होत्या. त्यांच्या जुन्या मोबाईलवर बोगदा चालेना. म्हणून जयराजने फक्त त्यांच्यासाठी, बोगद्याच्या बाहेरून, एक लहान दार उघडून दिलं. एका हाताला सलाइन असायची. म्हणून पासवर्डही सोपा ठेवला, एकशे तीन दोनदा. "तू घरी आलीस की बंद करतो," जयराज म्हणाला.

त्या घरी आल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर जयराज ते दार बंद करायला बसला. लालासाहेबांनी त्याचा हात धरला. "वरीसश्राद्ध होईस्तवर तिचं काय हलवायचं न्हाई. लुगडं न्हाई, चष्मा न्हाई आन फोनबी न्हाई."

"आबा, ह्यो फोन न्हवं. दार उघडं हाय."

"मग तिचंच हाय न्हवं? ऱ्हाऊ दे."

जयराजने दार उघडंच ठेवलं. त्या नंबरावर शालूबाईंचा आवाज होता. कोणी उचललं नाही की तो ऐकू यायचा : "मी शालूबाई. कामात हाय. काय सांगायचं ते सांगून ठेवा. आन जेवून घ्या." लालासाहेब रोज चार वाजता एकशे तीन लावायचे. तो आवाज ऐकायचे आणि मग दिवसभराचं सगळं सांगायचे. मी ते साठवून ठेवायचो. माझ्यावर धूळ चढत गेली. यादी कोणी उघडेना.

दिवाळीनंतर एका दुपारी कुणीतरी ते लहान दार वाजवू लागलं. एक पासवर्ड, मग दुसरा, मग तिसरा. अकराशे वेळा त्याने चुकीचा पासवर्ड लावला. मग एकशे तीन दोनदा लावला. मला दार उघडावं लागलं. पासवर्ड बरोबर असला की माणूस कोण, हे मला विचारता येत नाही. मी ते यादीत लिहिलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला लिहिता येतं, एवढंच.

तो गप्प बसून राहिला. त्याने लालासाहेबांचे साठवलेले निरोप ऐकले. पहिल्यापासून, एकेक करून. काही दोनदा ऐकले.

आधी एकशे तीन लावला की लगेच शालूबाईंचा आवाज यायचा. आता त्या नंबरावर तो बसला होता, म्हणून आधी दोनदा घंटी वाजायला लागली. एक दिवस तर घंटी थांबली आणि पलीकडून कुणीतरी फोन उचलला.

"शालू?" लालासाहेब म्हणाले.

पलीकडे श्वास होता. मग फोन बंद झाला. लालासाहेबांनी फोन जागेवर ठेवला आणि हे कोणाला सांगितलं नाही.

बुधवारी ते निरोपात म्हणाले, "उद्या दुपारी जयराज पोरीच्या शाळंत जानार हाय. ज्ञानू एकटाच. गिऱ्हाइकाचं सोनं डाळीच्या डब्यातनं कोईमतूरला घिऊन जायाचंय त्येला. माझं मन लागंना बघ."

गुरुवारी पावणेचारला एकशे तीनवरून दुकानात फोन गेला. घरचा नंबर बघून ज्ञानूने लगेच उचलला. आवाज पुरुषाचा होता आणि बोली आमच्याकडची.

"ज्ञानू, मी वीरधवल. लालासाहेबांचा पुतन्या. आबा पडल्यात रं."

"आवं, कवा? लय लागलंय का? आन तुमी... तुमाला कवा बघितलं न्हाई."

"मी पुन्यात असतोय. काकीच्या तेराव्याला आलोवतो, तवा तू तिकडं दुकानावर हुतास. जयराज शाळंतनं तसाच निघालाय. डाळीचा डबा घी. भाईर पांढरी गाडी हाय, तीत बस. डायवर आपलाच हाय."

पुतण्या, तेरावं, शाळा, डबा. सगळं खरं होतं. लालासाहेबांनीच ते आपल्या बायकोला सांगितलं होतं. डबा फळीवरून खाली घेतल्याचा आवाज मी ऐकला. तो डबा घेऊन ज्ञानू त्या गाडीत बसला असता तर परत आला असता का, हे मला माहीत नाही.

त्याच वेळी सोप्यात, मन लागेना म्हणून चार वाजायच्या आधीच, लालासाहेबांनी एकशे तीन लावला. ना घंटी वाजली ना शालूबाईंचा आवाज आला. लाईन बिझी होती.

ते उभेच राहिले. पुन्हा लावला. बिझी. मग त्यांनी मोबाईलवरून जयराजला फोन केला.

"जयराज, तुझी आई कुनाशी बोलाय लागल्या रं?"

"आबा, काय बोलताय?"

"तिची लाईन बिझी हाय."

जयराज ओरडला, "आबा, आईच्या दारातनं कुनीतरी आत शिरलाय! पेटीची तार उपटा! आत्ताच्या आत्ता!"

"आरं, तूच म्हनला हुतास, तार उपटू नगा, आतलं समदं जाईल. तिचा आवाज हाय त्यात."

"ज्ञानू एकटा हाय, आबा. मोबाईलवर मी सांगून त्यो ऐकायचा न्हाई."

लालासाहेब माझ्यासमोर आले. माझ्या धुळीवर त्यांनी एकदा हात ठेवला. मग तार उपटली.

पुढचं मी नंतर ऐकलं. बोलणं अर्ध्यात तुटलं. निरोप पुरा झाल्याशिवाय हलायचं नाही, म्हणून ज्ञानू डबा मांडीवर घेऊन घरच्या फोनची वाट बघत बसला. बाहेर गाडीने तीनदा हॉर्न वाजवला. जयराज धावत पोचला तेव्हा गाडी निघून गेली होती. पोलिसांत तक्रार झाली. कोणी सापडलं नाही.

माझी डिस्क मात्र त्या झटक्याने गेली. विट्याच्या दुरुस्तीवाल्याने चार दिवस खटपट केली आणि मान हलवली. लालासाहेब म्हणाले, "गेलं तर गेलं. ज्ञानू हाय न्हवं?" मग परड्यात जाऊन बराच वेळ बसले.

जयराजने येऊन नवी डिस्क बसवली. एकशे तीन काढून टाकला. आता बाहेरून दार नाही, सगळे बोगद्यातूनच येतात. वरीसश्राद्धाला अजून दोन महिने आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी पेटी असेल तर तिने लिहिलेलं आठवड्यातून एकदा तरी वाचा. सोयीसाठी उघडलेलं दार काम झालं की लावून घ्या. गेलेल्या माणसाचं दार लावताना हात उठत नाही, हे मी बघितलं आहे. तरी लावा. त्या दारातून आपलं माणूस परत येत नाही. भलतंच कोणीतरी येतं.

जिथं ते लहान दार होतं तिथं आज सकाळपासून बाहेरून पुन्हा कुणीतरी वाजवतंय. एकशे तीन आता नाही, हे त्याला कळलं आहे. तो लालासाहेबांचा एकशे एक लावून बघतोय.