मामांची बोट

मामांची बोट चुकली आणि डोळ्यांचं ऑपरेशन हुकलं. असं अजून काहीही झालेलं नव्हतं. आम्ही नुकतेच बसमधून उतरलो होतो आणि बोट धक्क्याला निवांत बांधलेली होती.

ऑपरेशन खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात, उद्या सकाळी. वर्षभर वाट बघून मिळालेली तारीख. ही हुकली तर पुढची मिळेपर्यंत उरलंसुरलं दिसणंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आईने निघताना मला एकच काम नेमून दिलं होतं. "तुझ्या मामाला कोणाला नाही म्हणता येत नाही. त्याच्या वतीने तू म्हण."

बोटीला अवकाश होता म्हणून आम्ही बाजार बघायला गेलो. म्हणजे बघितला मी. मामांनी वासावर भागवलं. एका मासेवालीने त्यांना हाक मारली. "भाऊ, जरा बसता का इथे? पाच मिनिटांत आलेच." मी 'नाही' म्हणायला तोंड उघडेपर्यंत मामा पाटावर बसले होते आणि बाई गर्दीत दिसेनाशी झाली होती.

या बाजारात एकमेकांचा माल सांभाळायची रीत होती. फक्त 'पाच मिनिटं' म्हणजे किती हे प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असल्यामुळे कोणी कोणाच्या जागी बसायला तयार नव्हतं, आणि कित्येक महिने कोणी जागचं हललं नव्हतं. आम्ही नवे होतो.

शेजारी दोरखंडवाला होता. "काका, इकडे जरा लक्ष ठेवाल?" मी म्हटलं. "आमची बोट आहे."

त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे तुम्ही बसलेलेच आहात? मग माझंही बघा." आणि तो गेला. त्याला जाताना केळीवालीने पाहिलं, तिला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याने. बघता बघता अख्खी रांग मामांच्या गळ्यात पडली.

"मासा ताजा आहे ना?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"मला तर अजून हलताना दिसतोय," मामा प्रामाणिकपणे म्हणाले.

बोटीचा भोंगा वाजला.

"मामा, उठा."

"अरे, माणसं विश्वासाने टाकून गेलीत."

"डोळे जातील तुमचे."

"हो रे." मामांचा आवाज बारीक झाला. "पण ती मासेवाली आली आणि मी जागेवर नसलो तर? तू धक्क्यावर जाऊन बघ ना, थांबतात का."

मी धावलो. धक्क्यावरचा कारकून चहा पीत होता. "थांबायला माझी काहीच हरकत नाही," तो म्हणाला. "पण पाणी उतरलं की बोट गाळात रुतते. पाण्याला सांगा."

"पाण्याला कसं सांगू?"

"लेखी."

त्याने कागद पुढे सरकवला. धक्क्याची आणखी एक पायरी उघडी पडली. दुसरं काही सुचेना, म्हणून मी लिहायला घेतलं:

'महोदय, अर्जदाराचे मामा जागेवरून उठण्यास असमर्थ असल्याने आजची ओहोटी पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात यावी व तसे संबंधित पाण्यास कळवण्यात यावे, ही नम्र विनंती.'