आवाजाची गाडी
मुलगा गाडी घेणार म्हटल्यावर म्हातारा बाप हट्टाने सोबत आला. शोरूमच्या अंगणात दोन छोट्या हायब्रीड गाड्या उभ्या होत्या आणि विक्रेत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होता: मायलेज, डिकी, कॅमेरा. म्हाताऱ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो दोन्ही गाड्यांमागे आळीपाळीने पाठ करून, डोळे मिटून उभा राहिला. "हळूहळू मागे घ्या," म्हणाला.

विक्रेत्याने घेतल्या. "काका, दुसरीचा तर आवाजच नाही!"

"मग पहिली घेऊ."

विक्रेत्याला हसू आवरेना. मुलाच्या मात्र मस्तकात तिडीक गेली. "आमची जुनी गाडीही अशीच गुपचूप मागे यायची," तो म्हणाला. "माझी मुलगी दारात पाठमोरी खेळत होती."

पुढचं त्याने गिळलं. ते म्हाताऱ्यानेच, डोळे न उघडता, सांगितलं. "चालवत मी होतो."