गाठी सोडायच्या नाहीत

सामान पोचवणाऱ्या माणसांवर वरदराजनांचा काडीचा विश्वास नव्हता, कारण त्यांची उभी नोकरी तिरुची जंक्शनच्या पार्सल ऑफिसात गेली होती. ‘नाजूक माल’ लिहिलेली खोकी कशी आपटली जातात ते त्यांनी रोज पाहिलं होतं, आणि गाडी सुटायला आली की ‘टाका लवकर’ म्हणून ते स्वतःच ओरडले होते. आता श्रीरंगमचं घर बंद करून मुलाकडे वडोदऱ्याला जायचं, तर त्याच पंथातला कुणीतरी निवडणं भाग होतं.

सामान फारसं नव्हतंच. कपाटं विकली होती, भांडी वाटून टाकली होती. अडून बसली होती ती कोलूच्या, म्हणजे नवरात्रात घरात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्यांची ट्रंक. नवरात्र संपलं की त्यांची बायको कनकवल्ली एकेक मातीची बाहुली पायरीवरून उतरवायची, नवऱ्याच्या जुन्या, मऊ झालेल्या वेष्टीच्या, म्हणजे लुंगीसारख्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची आणि त्याच्याच काठाच्या पट्टीने वर गाठ मारायची. गाठ अशी, की हलवून सुटणार नाही, पण एक टोक ओढलं की सरकन मोकळी. पुढच्या वर्षी टोक ओढायचं काम वरदराजनांचं. कोलूत त्यांचा हातभार काय तो तेवढाच.

अशीच एका नवरात्रानंतर तिने ट्रंक बंद केली, आणि पोंगलच्या आधी ती गेली. दुःखाचं वर्ष म्हणून पुढच्या नवरात्रात कोलू मांडला नाही. ट्रंक उघडलीच नाही. म्हणजे आतली प्रत्येक गाठ तिच्या हातची होती. घरात तिच्या हातचं दुसरं काही राहिलं नव्हतं. लोणचंसुद्धा संपलं होतं. वरदराजनांना त्या गाठी तशाच वडोदऱ्याला न्यायच्या होत्या. पण हे कुणाला सांगायची त्यांना लाज वाटायची.

पहिल्या कंपनीचा माणूस दारातूनच खोल्या पाहून गेला. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, होऊन जाईल सर. ट्रंक कुठली, कशाची, हे त्याने विचारलंही नाही. वरदराजनांनी त्याला ताक पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या कंपनीची मुलगी मात्र तयारीची होती. तिने ट्रंक उचलून पाहिली, आत काय आहे विचारलं, आणि समजल्यावर तिचे डोळे चमकले. तिच्या आजीकडेही कोलू असायचा. तिने सांगितलं की त्यांची माणसं प्रत्येक बाहुली बाहेर काढतील, फोटो घेतील, नव्या फोममध्ये बसवतील, वर विमा. एकही फुटणार नाही.

“आणि जुनी फडकी?” वरदराजनांनी विचारलं.

“त्याची काळजी नको, सर. सगळा कचरा आमची माणसंच घेऊन जातात.”

वरदराजनांनी मान डोलावली आणि उद्या कळवतो म्हणाले. मुलीचं काही चुकलं नव्हतं. पार्सलवाल्याच्या नजरेने पाहिलं तर तिच्यासारखं दुसरं कुणी मिळणार नव्हतं, आणि हे त्यांना चांगलंच कळत होतं. तिकडून मुलगा मुकुंदन फोनवर फोन करत होता, की अप्पा, हीच कंपनी घ्या, माझ्या पणजीच्या बाहुल्या आहेत त्या.

शेजारच्या पट्टम्माळ मामी कॉफी घेऊन आल्या. “कंपनी निवडताय की जावई? एकेकाला बोलावता, खाऊपिऊ घालता आणि परत पाठवता.”

“जावई बरा, मामी. तो सामान फोडत नाही.”

“तुम्हाला मुलगी नाही म्हणून असं वाटतं,” मामी म्हणाल्या आणि पेला घेऊन गेल्या.

तिसरा आला अय्यावू. त्याची कंपनी म्हणजे तो, त्याचा मेहुणा आणि केळी वाहून काळपट झालेला ट्रक. ट्रंक पाहिल्याबरोबर त्याने हात वर केले. म्हणाला, जे मी बांधलं नाही त्याची हमी मी देत नाही. रस्ता लांबचा आहे. फुटलं तर मला विचारायचं नाही.

“पण उघडणार नाहीस ना?”

“जे माझं नाही ते मी कशाला उघडू?”

वरदराजनांनी तिथल्या तिथे त्याला नक्की केलं. मुकुंदन फोनवर भडकला. सगळा जन्म पार्सलात गेलेल्या माणसाने असा ट्रक निवडावा? वरदराजन एवढंच म्हणाले, “मला पार्सलातलं कळतं,” आणि फोन ठेवला. ही निव्वळ पळवाट होती. बाहुल्या फुटणार हे त्यांना कळतच होतं.

ट्रंक पोचली, कुलूप जसंच्या तसं. नवरात्र आलं, खाली सोसायटीत गरब्याचे खांब उभे राहिले, आणि सून रंजनीने दिवाणखान्यात पायऱ्या रचल्या. वरदराजन ट्रंकेपाशी बसले. आजवर टोक त्यांनीच ओढलं होतं, तेव्हा आताही त्यांनीच ओढायचं होतं. गाठी काही जन्मभर जपायच्या नव्हत्या. सुटायच्या तर घरच्या हाताने सुटाव्यात, एवढाच त्यांचा हट्ट होता.

लाकडी राजा-राणी आधी निघाले, धडधाकट. मग मातीच्या बाहुल्या. मत्स्यावताराची शेपटी गेलेली, रामाचा हात खांद्यापासून निखळलेला. मुकुंदनने तुकडे वेचून एका ताटलीत ठेवले. रंजनी गोंद घेऊन आली. वरदराजन ओढत राहिले आणि मांडीशी फडक्यांचा ढीग वाढत गेला. किराणा मांडून बसणाऱ्या वाणी-जोडप्यातला जाडजूड चेट्टियार निघाला, अंगावर ओरखडाही नाही. मग ट्रंकेत एकच गाठोडं उरलं. वरदराजनांनी ते हातात धरलं, टोक बोटांत घेतलं, आणि परत ठेवून दिलं. आता त्यांच्याने होईना.

“चेट्टियारची बायको कुठे?” मुकुंदनने विचारलं.

“झोपलीय. राहू दे.”

चेट्टियार दुकानात एकटाच बसला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं, तर रंजनीने हसून विषय बदलला.

नवरात्र संपलं. रंजनी बाहुल्या उतरवून फडकी घेऊन बसली. त्यातलं एकही तिने टाकलं नव्हतं, सगळी धुऊन घडी केली होती. पहिली बाहुली गुंडाळली आणि ती थांबली. “अप्पा, अम्मा ही गाठ कशी मारायच्या?”

इतकी वर्षं कनकवल्ली वरदराजनांच्या शेजारी बसून गाठी मारत होती आणि त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं.

“मला फक्त सोडता येते,” ते म्हणाले.

मग उठून त्यांनी ट्रंकेतलं गाठोडं आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. आत काहीतरी खुळखुळलं. दोघांनीही ते ऐकलं.

“यात बघ. पण ओढू नकोस.”

रंजनीने ते फिरवून फिरवून पाहिलं, मग स्वतःची गाठ मारून पुढे केली. वरदराजनांनी टोक ओढलं. गाठ आवळली. तिने पुन्हा मारली, ती पुन्हा आवळली. त्यानंतरची सरकन सुटली आणि वेष्टीचा तुकडा त्यांच्या हातात आला.

“हीच,” ते म्हणाले. “आता परत बांध.”