तबेल्यापर्यंतचा महामार्ग

आमच्या शहरातला राज्य महामार्ग ७१९ जेमतेम पावणेदोन मैलांचा. निघतो रेल्वे स्टेशनपासून, जिथे आता गाडी थांबत नाही, आणि जातो नदीच्या धक्क्याकडे, जिथून आता नाव सुटत नाही. पूल दुसरीकडे झाला, रस्ता मात्र राहिला.

त्याच्या नदीकडच्या टोकाला लॉर्ना पिएत्राक राहायची. तीस वर्षं सिटी बस चालवून निवृत्त झालेली. तिच्या दारासमोर खड्डा पडला. तिने राज्याच्या रस्तेखात्याला फोन केला. ते म्हणाले, "आमचा रस्ता तुमच्या घराच्या शंभर फूट आधीच संपतो." पालिकेला केला. ते म्हणाले, "नदीपर्यंत सगळा राज्याचा."

दोन महिने असंच चाललं. शेवटी लॉर्नाने दोन्हीकडच्या साहेबांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावलं. दुसराही येणार आहे हे मात्र कुणालाच सांगितलं नाही. मी समोरच राहतो, त्यामुळे खुर्ची घेऊन गेलोच.

राज्याकडून डेल्बर्ट हचिन्स आला, पालिकेकडून विल्मा ओक्स. एकमेकांना पाहून दोघांचे चेहरे पडले. लॉर्नाने पुढ्यात पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, ठेवल्या आणि म्हणाली, "आधी खा. मग भांडा."

हचिन्सने १९३१ सालचा हुकूम काढून वाचला: "रस्ता स्टेशनपासून स्टकीच्या तबेल्याच्या दारापर्यंत." मग बोट दाखवून म्हणाला, "तबेला तिथे होता, त्या विजेच्या खांबापाशी. तिथवर आम्ही. पुढचं या पालिकेच्या बाईंचं."

"होता ना," पायरीवरून एमेट व्हॉस म्हणाला. हा शेजारी नव्वदीचा, आमंत्रण नसताना आलेला. "पण महापुरात वाहून गेला की तो."

"म्हणजे आता नाहीच," हचिन्स म्हणाला.

"नाही कसा? अख्खा तरंगत आला आणि हिच्या सासऱ्याच्या आवारात अडकला. म्हातारा महाचिकट. म्हणाला, देवाने पाठवलाय, परत कशाला करू? पाया घातला आणि गाडी ठेवायला लागला."

सगळे उठून लॉर्नाच्या गॅरेजकडे गेले. आत तुळईवर पुसट पांढरी अक्षरं होती: स्टकी. खाली घोड्यांचे दर.

विल्माबाईंनी शांतपणे आणखी एक पिएरोगी उचलली. "हुकुमात जागा लिहिलेली नाही, हचिन्स. दार लिहिलंय. हे घ्या दार."

"अहो बाई, तबेला सरकला म्हणून महामार्ग सरकतो का?"

"ते तुमच्या वकिलांना विचारा. खड्डा मात्र या दाराच्या अलीकडे आहे."

वकिलांनी तीन आठवडे घेतले. हुकूम बदलायचा तर विधानसभेत जावं लागणार, आणि पावणेदोन मैलांसाठी तिथे तोंड दाखवायला कुणी तयार होईना. शेवटी राज्यानेच खड्डा बुजवला.

पण हुकूम म्हणजे हुकूम. डिसेंबरात राज्याचा बर्फ काढणारा ट्रक आला, लॉर्नाच्या फाटकातून आत वळला, गॅरेजच्या दारापर्यंत सगळं लख्ख करून मागे फिरला. आम्ही बाकीचे हातात फावडी धरून बघत राहिलो.

एमेटने फावडं टेकवलं. "लॉर्ना, तो तबेला अजून थोडा सरकेल का गं? माझ्या आवाराकडे?"

"पूर येऊ दे," ती म्हणाली आणि कॉफी आणायला आत गेली. आमच्यासाठीही आणली.